विश्लेषक डोक्याच्या मुलामुलींनी काय शिकावं? कोल्हापुरातल्या घरांत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीचे पालक पोरांना घेऊन घरी येतात आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात. उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवतो. माझा कल माझ्या विषयाकडं थोडा झुकणार, तेवढं वाचताना वजा करून घ्या.

पोरगं सारखं 'का' विचारतं, गणितात मार्कही बरे आहेत. म्हणजे ते विश्लेषक डोक्याचं म्हणायचं का?

मार्कांवरून काही ठरवू नका. गणितात पंच्याण्णव पाडणारी बरीच मुलं गणितं पाठ करतात. पद्धत जरा फिरवली की अडतात. उलट पासष्ट मार्कांचा एखादा पोरगा वर्गात मागं बसून 'सर, हे सूत्र इथं लागतंच कशावरून?' असं विचारतो. माझं लक्ष अशा पोराकडं आधी जातं.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. शेती असेल तर उसाचं बिल मुलासमोर ठेवा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं ३५५ रुपये ठरली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये जादा. उतारा १२ टक्के असेल तर टनाला किती, हे कोणीही काढेल. ४,१५५ रुपयांच्या आसपास येतं. हिशोब करून मूल गप्प बसलं तर त्याचं गणित बरं आहे, एवढंच कळलं. पण 'मग हातात कमी का आले? तोडणी-वाहतूक वजा केली ती कशाच्या हिशोबानं? उतारा यंदाचा धरला की मागच्या हंगामाचा?' असं ते विचारायला लागलं, तर तुमच्या घरात विश्लेषक डोकं आहे. यातला शेवटचा प्रश्न तर कोर्टापर्यंत गेलेला आहे.

शेती नसेल तर पावसाळा आहेच. जुलैत पंचगंगा चढली की सगळं शहर मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. बहुतेक जण आकडा बघून पुढं पाठवतात. एखादीच मुलगी वहीत तक्ता काढते आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्यापासून किती तासांनी इथं पाणी वाढतं, हे ताडून बघते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. मला दाखला हवा असतो तो अशा न सांगता केलेल्या कामाचा.

अशी सगळी मुलं सारखीच असतात का?

नाही, आणि करिअर निवडताना खरी गल्लत इथं होते. यात निदान दोन जाती आहेत. एक शोधणारी. त्यांना न सुटलेला प्रश्न आवडतो. उत्तर मिळालं की त्यांचा रस संपतो, टेबल पसरलेलं असतं, वही अर्धवट असते. दुसरी ताळा जुळवणारी. त्यांना चुकलेला एक रुपया सापडेपर्यंत झोप येत नाही. शिस्त, नियम, नोंद यांत ती रमतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी आवडींचे सहा गट मांडले, त्यातले शोधक आणि शिस्तप्रिय हे दोन गट साधारण हेच सांगतात.

शोधणाऱ्या पोराला ऑडिटला बसवलं तर ते सहा महिन्यांत कंटाळतं. ताळेवाल्या मुलीला 'विषय तूच शोध' म्हणून मोकळ्या संशोधनात सोडलं तर ती घाबरते. दोघांनाही घरचे 'हुशार आहे, कॉम्प्युटरला घाला' म्हणून मोकळे होतात. काही मुलांत दोन्ही गुण असतात. त्यांच्यासाठी पुढं अ‍ॅक्च्युअरीचं लिहिलंय ते वाचा.

ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट केली, चार अक्षरं आली. त्यावरून शाखा ठरवू का?

करमणूक म्हणून ठीक आहे. मायर्स-ब्रिग्ज नावाची ही पद्धत फार लोकप्रिय आहे, पण त्याच माणसानं काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर बऱ्याचदा वेगळी अक्षरं येतात. ज्या वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ वेगळं वजन येतं त्यावर आपण गूळ विकत नाही.

आपल्याकडं बोर्डातर्फे २०१६ पासून काही वर्षं दहावीला कलचाचणी व्हायची. ती मुलाचा कल विचारायची. कल म्हणजे आवड, क्षमता नव्हे. हे पालकांना समजावताना शिक्षकांची दमछाक व्हायची. प्रशिक्षित समुपदेशकाकडून नीट अभियोग्यता चाचणी करून घेतली तर उपयोग होतो, पण तीही निर्णयासाठी नको, बोलणं सुरू करण्यासाठी वापरा.

बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कोणता भाग चालतो आणि पोरानं काय शिकावं हे सांगणारे लोक मात्र दारातूनच परत पाठवा. त्याला शास्त्रीय आधार नाही. हजारो रुपये घेतात आणि रंगीत फाईल देतात. इतके शिकलेले पालक याला फसतात की मला रागच येतो.

दहावीनंतर सायन्सच घ्यायला पाहिजे का?

गणित घ्यायला पाहिजे. सायन्स घ्यायलाच पाहिजे असं नाही. कॉमर्सला बारावीपर्यंत मॅथ्स आणि एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) यातला एक विषय निवडायचा असतो. नव्वद टक्क्यांचे मार्क सोपे पडावेत म्हणून मुलं एसपी घेतात, आणि तीन वर्षांनी एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीला, जायचं म्हटलं की गणित नाही म्हणून त्यांना जड जातं. विश्लेषक डोकं असेल तर मॅथ्सच घ्या.

सायन्सला 'पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) ठेवू, दोन्ही दारं उघडी' असा एक पक्ष असतो. सहा महिन्यांत पोराचं काय होतं ते बघा आणि मॅथ्स-बायॉलॉजीतला एक सोडा. बायफोकलला, म्हणजे सायन्ससोबतच्या व्यावसायिक विषयाला, कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर या मुलांना ते आवडतं. आर्ट्सचं पुढं सांगतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय पद्धतीनं ऑनलाइन होतात, त्यामुळं पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावाबरोबर तिथं कोणते विषय मिळतात हे आधी जाऊन विचारा.

इंजिनिअरिंगला जायचंय. कॉम्प्युटर मिळालं तर ठीक, नाहीतर नको, असं म्हणतोय.

असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, 'तुला दिवसभर काय करायचंय?' बहुतेकांना माहीत नसतं.

कोल्हापूरचं पोरगं असून ज्यानं उद्यमनगर किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फाउंड्री आतून बघितली नाही त्यानं शाखा ठरवण्याआधी एक दिवस काढावा. ओतकाम म्हणजे घामाचं, काळं काम, एवढंच आपल्याला दिसतं. पण कास्टिंगमध्ये बारीक भोकं पडली आणि माल परत आला की खरा खेळ सुरू होतो. वाळूत ओल जास्त होती? वाळूतून वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही? धातू ओतताना तापमान कमी होतं? कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण बिघडलं? धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट, वाळूच्या चाचणीची नोंद, कोणत्या पाळीत रिजेक्शन वाढलं, कोणत्या पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला) वाढलं, हे सगळं एकत्र मांडून कारण पकडायचं. डिटेक्टिव्हचं काम आहे, आणि नीट करणारा माणूस मिळत नाही ही इथल्या कारखानदारांची कायमची तक्रार.

म्हणून मेटलर्जी (धातुशास्त्र), मेकॅनिकल, प्रॉडक्शन या शाखा विश्लेषक मुलांनी झटकून टाकू नयेत. पुण्याच्या सीओईपी या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी आहे. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासूनचं, जवळचं आणि दर्जाचं. इचलकरंजीच्या डीकेटीईत टेक्स्टाईल शिकलेली मुलं कापडातला दोष भिंगाखाली शोधतात, तेही याच जातीचं काम. कॉम्प्युटर वाईट नाही. पण फक्त शेजारचा गेला म्हणून गेलेलं पोरगं दुसऱ्या वर्षी माझ्याकडं येतं आणि म्हणतं, 'सर, कोडिंग बोअर होतंय.'

बी.एस्सी. स्टॅट करून नोकरी कुठं मिळणार?

हा प्रश्न ऐकला की मी चहा सांगतो, कारण उत्तर लांब आहे.

आधी एक आठवण करून देतो. वसंत शंकर हुजूरबाजार हे कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडं त्यांनी संख्याशास्त्रात संशोधन केलं आणि परत येऊन पुणे विद्यापीठात या विषयाचा विभाग उभा केला. ते जयंत नारळीकरांचे मामा. नारळीकरांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९३८ सालचा. तरी या गावात 'स्टॅट म्हणजे गणितात न बसलेल्यांचं' असं बोललं जातं, ही गंमतच आहे.

आता नोकरी. औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्यांचं काम करणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. तिथं औषध लागू पडलं की नाही हे ठरवणाऱ्या टीममध्ये एम.एस्सी. स्टॅटची मुलं असतात. बँका आणि वित्तसंस्थांत कर्ज बुडण्याची शक्यता मोजणारे विभाग आहेत. विमा आहे. सरकारात यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे; तिला पदवीला संख्याशास्त्र विषय असला तरी बसता येतं. आपल्या शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्र आहे, फी पुण्याच्या खासगी कोर्सच्या मानानं किरकोळ, आणि इथून बाहेर पडलेली मुलं चांगल्या जागी आहेत.

फार चमकदार मूल असेल तर कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट डोळ्यांसमोर ठेवा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली. तिची प्रवेश परीक्षा सीईटीसारखी नाही. तिथं सिद्धता लिहायला लावतात. राजारामपुरीतल्या कोणत्याही क्लासच्या नोट्सवर ती निघत नाही. अकरावीपासून ऑलिम्पियाडच्या धर्तीवरची गणितं सोडवायची सवय लागते.

अट एकच. नुसतं बी.एस्सी. स्टॅट करून थांबू नका. सोबत आर किंवा पायथन, एसक्यूएल या डेटा हाताळायच्या संगणकभाषा, आणि खरा, घाणेरडा, अर्धवट भरलेला डेटा हाताळायचा सराव हवा. पुस्तकातला डेटा धुतलेला असतो.

सीए की अ‍ॅक्च्युअरी?

सीएचा रस्ता कोल्हापूरला चांगला माहीत आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), फायनल. ताळेवाल्या डोक्याला हे काम जमतं. एक सांगतो: ज्याला नियम का असा आहे हे विचारायला आवडतं, त्याला टॅक्स आवडतो, ज्याला फक्त नियम पाळायला आवडतं, तो टॅक्समध्ये थकतो, कारण नियम दरवर्षी बदलतात. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या यांच्यामुळं कॉस्ट अकाउंटंटलाही आपल्या भागात काम आहे, आणि तिकडं गर्दी कमी आहे.

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे जोखमीचं गणित करणारा. विमा कंपनीनं हप्ता किती घ्यावा, पेन्शनसाठी आज किती बाजूला ठेवावं, हे तो ठरवतो. संभाव्यता भक्कम लागते आणि नियमांची शिस्तही, म्हणून वर म्हटलेल्या दोन्ही गुणांच्या मुलांना हे बसतं. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देऊन सुरुवात करायची, मग एकेक पेपर काढत जायचं. पेपर अवघड, वर्षं लागतात, नोकऱ्या मुख्यतः मुंबईत आणि अशाच मोठ्या शहरांत. घर सोडायची तयारी नसेल तर नको.

'सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट' असा क्लास आहे, दीड लाख फी. घालू का?

नको. त्या पैशात दोन वर्षांची एम.एस्सी. होऊन वर पुस्तकं येतील. अशा कोर्सात सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. सरासरी फसवते कधी, हे शिकवत नाहीत. ऑनलाइनच शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासचा २०२१ मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा बी.एस. बघा. जेईई नसली तरी पात्रता फेरी पार करून प्रवेश मिळतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. इथल्या कॉलेजची पदवी करता करता काही मुलं तो करतात. सोपा नाही. मधेच सोडणारेही आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) आलंय. त्याचा या मुलांना काही फायदा?

मोठा फायदा आहे, आणि फार कमी जण तो घेतात. साधारणपणे पहिल्या वर्षी दोन-तीन विषय, पुढं त्यातला एक मेजर आणि एक मायनर. मुलं मायनर निवडताना मैत्रिणीनं काय घेतलं ते बघतात.

विश्लेषक मुलाला मी विचारतो, 'विश्लेषण कशाचं करायचंय?' पद्धत एका विषयातून येते आणि माल दुसऱ्यातून. स्टॅट मेजरला इकॉनॉमिक्स मायनर म्हणजे बाजाराचा अभ्यास. भूगोल मेजरला स्टॅट किंवा कॉम्प्युटर म्हणजे नकाशे, पूररेषा, जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे). सायकॉलॉजी मेजरला स्टॅट म्हणजे ज्या चाचण्यांना वर नावं ठेवली, त्या नीट बनवता येतील. सगळ्या जोड्या सगळीकडं मिळत नाहीत, वेळापत्रकावर अडतं. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन प्रत्यक्ष जोडी विचारा; माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नका.

चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांत बाहेर पडायचं? संशोधनाकडं ओढा असेल आणि पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करा.

गणित आवडत नाही, पण वादात कोणाला ऐकत नाही. आर्ट्सला घालायला लोक नावं ठेवतात.

लोकांना ठेवू द्या. युक्तिवादातली फट शोधणं हेही विश्लेषणच. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची वकिली, दोन्हीला सीईटी. इथलं शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासूनचं आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, त्यामुळं हायकोर्टाचं काम शिकायला आता मुंबईची रेल्वे पकडावी लागत नाही. सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येतात. बारीक वाचणाऱ्या, कागद लावणाऱ्या ज्युनिअरना चांगले दिवस आहेत.

अर्थशास्त्र घेणार असाल तर गणिताशी थोडी तडजोड करावीच लागेल. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटला पहिल्याच वर्षी ते कळतं. इतिहास, भाषाशास्त्र, पुरातत्त्व या विषयांतही पुराव्यावर काम चालतं, पण पोटापाण्याची वाट अरुंद आहे हे मुलाला सरळ सांगा आणि मग ठरवू द्या.

डॉक्टर होईल का?

होईल. निदान करणं हे विश्लेषणच आहे. पण रोज शंभर माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, साथरोगशास्त्र या बाजू आहेत. नीटमध्ये मागं पडला म्हणून खचू नका. बायोटेक आणि फार्मसीही आहेत.

एमपीएससी करतो म्हणतोय.

करू दे, पण किती प्रयत्न देणार आणि त्यानंतर काय, हे आधी कागदावर लिहून घ्या. विश्लेषक मुलांना या परीक्षेचा एक विशेष धोका आहे: मागच्या प्रश्नपत्रिका, कटऑफ, वेटेज यांचं विश्लेषण करण्यात ती इतकी रमतात की वाचन मागं राहतं. तालमीत घाम गाळायच्या ऐवजी दुसऱ्यांचे डाव मोजत बसलेली पोरं आपण बघितलीच आहेत. पदवी मात्र दमदार विषयात घ्या, म्हणजे परतीचा रस्ता राहतो.

पोरगी हुशार आहे पण बोलत नाही. अ‍ॅनालिस्टला बोलावं लागत नाही ना?

लागतं. निष्कर्ष मालकाला पाच मिनिटांत मराठीत, साध्या भाषेत सांगता आला नाही तर तो शोधला काय आणि न शोधला काय. घरी जेवताना तिला काहीतरी समजावून सांगायला लावा आणि मधेच 'का?' विचारा. इंग्रजीची भीती असेल तर ती आधी काढा, पण इंग्रजी बोलता येतं म्हणजे सांगता येतं असं नाही.

एआयमुळे ही सगळी कामं जाणार म्हणतात.

तक्ते भरण्याचं, ठरावीक रिपोर्ट बनवण्याचं काम जातंय, हे खरं. आकड्याच्या मागं जाऊन तो कुठून आला हे विचारणारा माणूस लागेलच. दूध संघाच्या संगणकानं एका गावच्या दुधाचं फॅट अचानक घसरलं असं दाखवलं, तर मशीन बिघडलं, वैरण बदलली की कोणी पाणी घातलं, हे कळायला संस्थेत जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून नुसत्या साधनांत पारंगत होऊ नका. एखादं क्षेत्र आतून माहीत करून घ्या.

पुण्याला पाठवू की इथंच?

पदवी इथं, पदव्युत्तर बाहेर, हा माझा साधारण सल्ला. राजाराम कॉलेज १८८० चं, विद्यापीठ १९६२ चं. शिक्षक आणि ग्रंथालय इथं कमी नाही. पुण्यात मिळतं ते आजूबाजूचं: मोठ्या कंपन्या, इंटर्नशिप, तोडीस तोड मुलं. ते विसाव्या वर्षी जास्त कामी येतं. मात्र आयसर (केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) किंवा तत्सम ठिकाणी बारावीनंतरच नंबर लागला तर विचार करत बसू नका.

पोरानं एक्सेलमध्ये चाळीस कॉलेजांचा तक्ता केलाय, रोज वजनं बदलतोय, ठरवत काहीच नाही.

हा या स्वभावाचा आजारच आहे. तक्ता तीन ओळींवर आणायला सांगा. मग त्या तीन शाखांत तिसऱ्या वर्षाला शिकणारं एकेक मूल गाठा आणि एकच विचारा: काल दिवसभर काय केलंस? तारीख ठरवा. त्या तारखेला फॉर्म भरायचा.

आणि शाखा चुकलीच तर?

वाटा आहेत. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतरही त्याच थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. कोणतीही पदवी असो, गणित झालेलं असेल तर एमसीएची सीईटी देता येते. वकिली कोणत्याही पदवीनंतर. इंजिनिअरिंग करून संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेलेली मुलंही आहेत, फक्त प्रत्येक विद्यापीठाच्या पात्रता अटी आधी वाचा. वर्षभरात कळलं तर बदला. तिसऱ्या वर्षी कळलं तर पदवी पूर्ण करून मग वळा, आणि जुन्या गुणपत्रिका, क्रेडिटच्या नोंदी, गॅप सर्टिफिकेट एका फाईलीत ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवर तीच मागतात.